विनूबायचा बॅलन्स रॉड

"पाच नारळ देतंय. कोंबो होयो तर कोंबो देतंय. पण 'चुकलंय' म्हणूचंय नाय."

"अगो वयनी, चुकलंय म्हटल्याबगर गाराणां पुरां होतलां कसां?"

"तर मगे रवांदे अर्दां. आणि तो अर्द्या इंचाचो पानो सरकय हयसर. पायान नको, हातान दी."

जयराम पाना पायानेच ढकलणार होता. तो वाकला आणि गाडीखालून बाहेर आलेल्या काळ्याकुट्ट पंजात त्याने पाना ठेवला. मघापासून तो बोलत होता तो दोन तळपायांशी. बाकीची विनूबाय गाडीखाली होती. थोरल्या भावजयीशी तिच्या पायांकडे बघून बोलायची पाळी पार्से गावात दुसऱ्या कुठल्या दिरावर आली नसेल. पण विनोदिनी परबचा दीर म्हटल्यावर त्याला आता पुष्कळ गोष्टींची सवय झाली होती.

गाडीला सगळा वाडा 'तांबडी' म्हणतो. दोन सीटांची, जमिनीला पोट लावून बसलेली विलायती स्पोर्ट्स गाडी. छप्पर कापडाचं होतं, ते कधीच उंदरांनी नेलं. विनूबाय चोपन्न वर्षांची, तांबडी तिच्याहून थोरली. तिचं बॉनेट चाकांवरच्या पत्र्यासकट अख्खं पुढे उलटतं. मग टायरवर पाट टाकावा, वर बसावं आणि चुलीपुढे बसल्यासारखं निवांत काम करावं. विनूबायचं माहेर नार्व्याचं. तिचा बाप बाबली तिथल्या भाटकाराचा, म्हणजे बागायतदार जमीनदाराचा, शोफेर. भाटकाराची मुलं लिस्बनला गेली ती गेलीच, म्हाताऱ्याने डोळे मिटण्याआधी गाडी बाबलीच्या हवाली केली, आणि बाबलीने स्टिअरिंगला शेवटपर्यंत 'व्होलांत' म्हणत म्हणत ती मुलीला शिकवली. विनूबायने ती पार्स्याला आणली तेव्हा मागच्या खोबणीत कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत तिने गाडीला हात लावला नाही, आणि मग जो हात लावला तो सोडला नाही.

पोटापाण्याची गाडी वेगळी. ती पांढरी, लहानशी, डाव्या बाजूलाही क्लच-ब्रेक असलेली. आधी बरीच वर्षं शाळेच्या पोरांची बस चालवून झाल्यावर विनूबायने ड्रायव्हिंग शिकवायला सुरुवात केली, आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिच्याकडेच येऊ लागल्या. पुरुष मास्तर शेजारी बसला की अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं ओढणीवर ठेवावं लागतं, ते इथे नको. शिकवण्याची भाषा मात्र कडक. "रडूचां तर खाली उतरान रड, काचेर वाफ येता," असं ती सांगे, आणि पोरी खाली उतरून रडत आणि परत येऊन बसत.

चैत्राच्या अखेरीला तांबडी शेतात गेली तिथून सगळं बिनसलं.

पेडण्याच्या बाजाराकडून येताना पार्स्याच्या अलीकडे एक उजवं वळण आहे. तिथे सातविणीच्या बुंध्याशी राखणदाराची, गावाची वेस सांभाळणाऱ्या देवाची, जागा. त्या वळणावर बसवाला असो की वाळूचा ट्रक असो, हॉर्न वाजवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. हॉर्न समोरून येणाऱ्यासाठी नव्हे, राखणदारासाठी. त्या दिवशी वळणात तांबडी डाव्या अंगाला लवंडली. लवंडली ती लवंडतच राहिली, मागची चाकं शेवाळावरून पाय जावा तशी निसटली, आणि गाडी शेपूट पुढे करून शेताची मेर ओलांडून चवळीच्या मळ्यात जाऊन बसली. विनूबायच्या कपाळाला खरचटलं. पिशवीतले उंडे पाव चवळीभर पसरले. गाडी जयरामच्याच ट्रॅक्टरने ओढून काढली आणि उंडे कावळ्यांनी उचलले.

संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला होता. विनूबायने हॉर्न मारला नाही. नंतर, मारला पण उशिरा मारला. मग, वयही झालं आता. शेवटी, बाईमाणसाने असली गाडी घेऊन मिरवावं कशाला. दोन दिवसांनी तुयेच्या आरोग्य केंद्रात नर्स असलेली सिद्धी शिकायला आली नाही. मग दुसरी आली नाही, तिसरीने फोन उचलला नाही. पांढरी गाडी आंब्याखाली उभी राहून पाल्याने भरून गेली.

तोडगा जयरामने आणला. तो देवळाच्या कमिटीवर, लोक त्याला मानतात, आणि खरं म्हणजे भावजयीचं भलं व्हावं असंच त्याच्या मनात होतं. रविवारी सांजेला वळणावर नारळ ठेवायचा, मानकरी गावकराने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, विनूबायने हात जोडून 'चुकलंय' म्हणायचं आणि तांबडी विकून टाकायची. पोरींच्या आयांसमोर राखणदाराने पदरात घेतलं की पोरी परत येणार. गाव एका नारळात मिटवायला तयार होता. याहून स्वस्तात पार्स्यात कधी काही मिटलेलं नाही.

विनूबायला ते समजत होतं. पण ड्रायव्हिंग शिकवणारीने चारचौघांत, तेही राखणदारापुढे, चुकलंय म्हणायचं, आणि मग कुठल्या तोंडाने पोरींना सांगायचं की व्होलांत असं धर? उद्या शिकलेल्या पोरीची गाडी कुठे नुसती खरचटली तरी लोक म्हणतील, हिची मास्तरीणच ती. चुकलं असतं तर ती नाक घासून म्हणाली असती. पण त्या वळणात तिच्या हातांनी काही केलं नव्हतं. जे केलं ते गाडीने केलं, आणि काय केलं ते तिने शेतातून बाहेर काढल्यावर त्याच दिवशी पाहिलं होतं: पुढचा बॅलन्स रॉड मोडला होता.

हा रॉड म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आडवा टाकलेला पोलादी दांडा, दोन्ही टोकांना वाकवलेला. वळणात गाडी एका अंगावर कलायला लागली की तो पिळतो आणि गाडीला सरळ धरतो. तो गेला की तांबडीसारखी गाडी म्हणजे डोकीवर भरली घागर आणि पायांत भोवळ. नवा रॉड पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या सामानवाल्याने पाठवला. ते लांब वाकडं पार्सल घेऊन आलेला कुरिअरवाला विचारत होता, "बाय, धनुष्य मागवलंय काय?"

रॉड आला शनिवारी, गाऱ्हाणं रविवारी सांजेला. म्हणून रविवारी सकाळी उठल्यापासून विनूबाय गाडीखाली होती.

"दादाक फोन लावतंय मी," जयराम पायांना म्हणाला.

"लाव. तेका सांग, भात झाकून ठेवलां हा, ये म्हणान."

विनूबायचा नवरा सगुण डिचोलीला खाणीवर असतो, दर आठवड्याला काही त्याला घरी यायला जमत नाही. जयरामने फोनचा आवाज मोठा केला आणि सगळी कैफियत मांडली.

"जयराम," सगुणचा आवाज आला, "त्या गाडयेत बसतंय तेव्हा मी देवाचां नाव घेतंय आणि तोंड बंद ठेवतंय. तू पण तसांच कर."

गाडीखालून हसण्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागोमाग गंजलेल्या नटाने कर्र केलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा शंकर लुंगी खोचत आला. शंकर कोल्हापूरकडचा, तुयेच्या कारखान्यात फिटर. रविवारी त्याला झोप लागत नाही, कारण हातात पाना नसतो. दोघांनी मिळून जुना रॉड सोडवला. तो दोन तुकड्यांत निघाला. शंकरने मोठा तुकडा उन्हात धरला.

"बाई, हे बगा की. मोडल्याली जागा जवळजवळ सगळी गंजून तांबडी झालीया, आन् हितं कडंला जरासंच चकाकतंय."

विनूबाय सरपटत बाहेर आली आणि तुकडा दिराच्या नाकासमोर धरला. "बघ. ह्या तांबड्या भागात चीर कधीपासून होती ती देवाक ठावक. रबराखाली होती, दिसली नाय. त्या दिसा रवला होता तां हां चकचकीत, नखाएवढां. तां वळणात तुटलां. गंज काय एका रातीत येता?"

जयरामने तुकडा उलटसुलट करून पाहिला. माणूस शेतकरी, ट्रॅक्टर ठेवणारा. लोखंड त्याला कळत नाही असं नव्हे.

"खरां आसा," तो म्हणाला. "पण गंज धाडलो कोणी?"

"म्हणजे?"

"इतकीं वर्षां तुटलो नाय, नेमको त्याच वळणार तुटलो. गंज तेणीच धाडलो."

"तर मगे 'चुकलंय' तेणी म्हणांदे!"

जयरामने पटकन हात जोडून वळणाच्या दिशेला नमस्कार केला. शंकरने तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं.

नवा रॉड बसवायचा म्हणजे आधी त्यावर दोन नवी रबरं चढवायची. शंकर म्हणाला, "खोबऱ्याचं त्याल द्या, सर्रदिशी जातंय." विनूबायने त्याच्या हातावर चापट मारली. नारळाचं तेल केसांना, पोळलेल्याला, दाराच्या बिजागरीला, सगळ्याला चालतं, पण रबर त्याने फुगतं आणि पावसाळ्याच्या आत कुजतं. तिने भांडी घासायचा साबण बादलीत कालवला. रबरं चढली. रॉड जागेवर गेला, मधले दोन पट्टे सैलसर लागले. डावं टोक चाकाकडच्या दुव्याला बसलं.

उजवं बसेना.

भोक भोकासमोर येईना. जवळ येई, आणि बोल्टाच्या अर्ध्या जाडीएवढं हुकून राही. शंकरने पहार आणली आणि टोकाखाली घातली. "जोर लावतो, बसतंय का न्हाई बगू."

"काड ती पहार."

"आवो, जरासंच—"

"काड म्हणतंय ना! जोरान बसयल्यार रॉड पिळान बसतलो. मगे ती जन्मभर लंगडतली."

"मग रॉडच वाकडा आलाय, दुसरं काय. परत पाठवा."

परत पाठवायचा म्हणजे आठवडा, कदाचित महिना. गाऱ्हाणं आज सांजेला. जयराम तुळशीच्या कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होता. त्याला आनंद झाला असंही नाही, पण आवाजात थोडा आलाच.

"तेका मान्य नाय वयनी. सोड आता. वगीच हट कित्याक?"

विनूबायने पाना बादलीपाशी ठेवला. उठताना तिचा पाय लागून बादली कलंडली. साबणाचं पाणी गाडीखालून निघालं, पुढच्या चाकांना आधार दिलेल्या चिऱ्यांना वळसा घालून उजव्या हाताला वळलं आणि सरळ पाटात जाऊन पडलं. विनूबाय त्या फेसाकडे बघत उभी राहिली. फेस कुठेही थांबला नाही.

आंगण तिच्या सासऱ्याने उताराचं केलं होतं. इथे कोणीही आंगण उताराचंच करतो, नाहीतर आषाढात पडवीत बेडूक येतात. लग्न होऊन आल्यापासून ती रोज त्या उतारावर शेण सारवत आली होती, पाणी कुठे जातं हे तिच्या हातांना माहीत होतं. आणि आज सकाळी त्याच उतारावर तिने गाडी चिऱ्यांवर चढवली होती! चिरेही एकसारखे नव्हते, एक कोपऱ्यात झिजलेला. तांबडी बिचारी एका पायावर भार टाकून उभी होती. असल्या उभ्या माणसाला करगोटा तरी सरळ बसेल काय?

"शंकरा, रॉड सरळ आसा. आंगण वाकडां आसा. दोनय चाकांर सारको भार जाय. ढकल गाडी."

"कुटं?"

"खळ्यार."

जयराम कट्ट्यावरून उठला. "खळ्यार? खळ्यार गाडी?"

घरामागचं खळं हीच परबांच्या घरातली एक सपाट जागा. जुन्या माणसांनी पाणी ओतून ओतून ती पातळीत आणलेली. वाटण्या झाल्या तेव्हा बागायतीची भाटं वाटली, माड वाटले, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले, पण खळं कोणी वाटलं नाही, ते दोघांचं राहिलं. आता तिथे भाताऐवजी काजूबिया आणि कोकमाची सोलं सुकतात, तरीही वहाण घालून कोणी आत पाऊल ठेवत नाही.

"लक्ष्मीचो जागो तो, वयनी!"

"गेल्या वर्सा मळणीचां मशीन उभां केलंस, तेचीं चाकां काय तुळशीपत्राचीं होतीं?"

"तां भातासाठी होतां!"

"ही पोटासाठी आसा. आणि अर्दां खळां माजां."

"अर्दां तुजां. गाडी अख्खी आसा. मागचीं चाकां माज्या अर्द्यार येतलीं."

"तर मगे तीं दोन तू उचलून धर."

तिने वहाणा काढल्या. घागरीने पाणी आणून चारही टायर एकेक करून धुतले, जसे बैलाचे पाय धुवावेत. जयराम बघत राहिला. टायर धुतलेले पाहिल्यावर त्याच्या बोलण्यातली धार थोडी कमी झाली, पण तो हलला नाही. विनूबायने सुपाने सोलं खळ्याच्या काठाबाहेर सारून रास केली, शंकर मागून ढकलू लागला, आणि तांबडीची पुढची चाकं खळ्याच्या काठावर चढून अडकली. शंकरचे पाय घसरायला लागले. गाडी मागे आली असती तर थेट जयरामच्या सोलांच्या राशीवर.

"अरे माजीं सोलां!" म्हणत जयराम धावला आणि त्याने मागून खांदा लावला. गाडी वर गेली. खांदा काढल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

"देव बरां करू," विनूबाय म्हणाली, आणि लगेच कामाला लागली.

एकाच माडाच्या खोडाचे दोन सारखे तुकडे पुढच्या चाकांखाली गेले. तांबडी दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली. विनूबायने आडवं होऊन रॉडचं उजवं टोक हाताने उचललं. भोकासमोर भोक आलं. तिने बोल्ट घातला आणि नुसत्या बोटांनी फिरवला. तो लोण्यात फिरावा तसा आत गेला.

"आयला," शंकर एवढंच म्हणाला.

मग मधले पट्टे, मग दोन्ही दुवे, आलटून पालटून, गाडीचा सगळा भार चाकांवर असताना आवळले. चाकं लोंबकळती ठेवून आवळलं तर रबर चुकीच्या जागी पिळून बसतं. बाबली शोफेर म्हणायचा, चोळी आवळायची ती माणूस उभा असताना. विनूबायने ते शंकरला सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "आवळ, मोडलंस तरी सोडू नको."

उन्हं उतरली तशी ती अंग धुऊन आली. अंगात नवऱ्याचा जुना खाकी शर्टच, पण धुतलेला. तांबडी दारात आणली. जयराम स्कूटरची चावी शोधत होता.

"स्कूटर नको. बस."

"मी? ह्या गाडयेत?"

"स्कूटरीर बसान बघशीत, आणि मगे सांगशीत की वयनीन वळण हळू मारलां. हयसर बस आणि काट्यार नजर ठेव. काटो वेग म्हैलांत दाखवता, तां ध्यानात धर."

वाड्यावरची माणसं बघत होती. जयराम बसला. गुडघे हनुवटीशी आले. पांढरं धोतर त्याने दोन्ही हातांनी आवरून धरलं. रस्त्यावर तांबडी धावायला लागल्यावर त्याने धोतर सोडून दार धरलं.

वळणावर गावकर, चारपाच म्हातारे आणि बऱ्याच बायका जमल्या होत्या. सिद्धीची आई पदर दाबून पुढे उभी. विनूबाय थांबली नाही. त्या दिवशी जेवढ्या वेगाने आली होती तेवढ्याच वेगाने आली, बुंध्याच्या अलीकडे हॉर्न दाबला, मोठा, लांब, आणि व्होलांत फिरवला. तांबडी कलली. मग कलायची थांबली, कोणी मागून खांदा धरून सरळ केल्यासारखी, आणि रस्त्याला घट्ट चिकटून वळण घेऊन पुढे निघून गेली. वाऱ्यावर बायकांची बोलणी मागे राहिली. पुढे जाऊन विनूबायने गाडी फिरवली आणि उलट्या अंगाने तेच वळण तसंच परत मारलं. मग बुंध्याशी आणून उभी केली.

जयराम उतरला. पाय जमिनीवर टेकल्यावर त्याने आधी दोनदा गुडघे चोळले.

गावकराच्या हातात नारळ होता. त्याने गाऱ्हाण्यासाठी घसा साफ केला, तेवढ्यात विनूबायने नारळ हळूच त्याच्या हातातून काढून घेतला.

"बा राखणदारा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "हो नारळ तुजो. तो दिवचो होतोच. रॉड मोडलेलो होतो, तो बदललंय. माजां कायएक चुकलां नाय, आणि गाडी विकूचंय नाय. तुका ठावक आसा. बाकीच्यांका तू समजय, नायतर मी समजयतंय."

तिने नारळ दगडावर आपटला. एका फटक्यात दोन शकलं झाली.

बाईने गाऱ्हाणं घालायचं, तेही असं, हे पार्स्यात कुणी पाहिलं नव्हतं. गावकर जयरामकडे वळला. "कमिटीवालो तू. हां गाराणां झालां म्हणूचां काय?"

सगळ्या नजरा जयरामवर. त्याने नारळाच्या शकलांकडे पाहिलं, मग तांबडीकडे, मग भावजयीकडे.

"नारळ फुटलो ना?"

"फुटलो."

"तर मगे झालां. माका सोलां भरूचीं आसत, दंव पडतलां."

तो चालत निघाला. गाडीत परत बसायला काही केल्या तयार झाला नाही. मागे राहिलेल्या बायकांत कुजबूज झाली, काही जणी नाक मुरडून वाटेला लागल्या. पोरींना पाठवायचं की नाही हे त्या घरी जाऊन ठरवणार होत्या, आणि बहुतेकींच्या घरी ते ठरवणारी माणसं आणखी वेगळी होती. सिद्धीची आई तेवढी थांबली. तिने विनूबायच्या कपाळावरच्या खरचटलेल्या जागेकडे पाहिलं, गाडीच्या चाकांकडे पाहिलं.

"फाल्यां कितक्याक येवची?" तिने सिद्धीसाठी उद्याची वेळ विचारली.

"फाल्यां कित्याक? उजेड आसा अजून."

घरी आल्यावर विनूबायने पांढऱ्या गाडीच्या टपावरचा आंब्याचा पाला फडक्याने झटकला. सिद्धी ड्यूटीवरच्याच कपड्यांत आली आणि ड्रायव्हरच्या बाजूला बसली. विनूबाय डाव्या बाजूला बसली, पाय तिकडच्या ब्रेकवर ठेवला.

"आरसो."

सिद्धीने आरसा हलवला.

"त्यात स्वताचां तोंड कित्याक बघतंस? मागचो रस्तो बघ. क्लच. गियर. आता हळू सोड, हळू… अगो हळू म्हटलंय, उंदीर पळता तशी नको!"

गाडीने दोन गचके खाल्ले आणि बंद पडली.

"बंद पडली," सिद्धी म्हणाली.

"दिसता माका. चालू कर."